चवड्यावर जुना व्रण आहे, अनवाणी धावायला सुरुवात करावी का?

पायवाट (धागाकर्ता):
डाव्या पायाच्या चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी बोटभर लांब व्रण आहे. काच घुसली होती, टाके पडले. जखम भरून वर्ष होत आलं. बूट घालून नियमित धावतो, काही त्रास नाही. आता अनवाणी धावायचं मनात आहे. घरचे म्हणतात, 'एकदा पाय फाडून घेतलास तेवढं पुरे.' माझं म्हणणं, जखम भरली म्हणजे तिथेही कातडीच आली, वापरली की तीही राठ होईल. दोन्ही बाजूंची मतं येऊ द्या.

रानवारा:
बिनधास्त करा. तळव्याची कातडी दाब पडेल तशी जाड होत जाते. अबेबे बिकिलाने १९६०च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली होती, सव्वादोन तासांत. बुटांची गरज जितकी सांगितली जाते तितकी नसते.

खडूस_काकू:
आला का बिकिला! त्याच्याशिवाय हा विषय पुढे सरकतच नाही. तोच बिकिला १९६४ला टोकियोत बूट घालून धावला, २ तास १२ मिनिटांत पुन्हा जिंकला, आणि तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच. व्रणवाल्या धावपटूचं उदाहरण हवंच असेल तर हे घ्या. पोटावर ताजा व्रण, पायात बूट.

आता मुद्द्याचं. 'तिथेही कातडीच आली' हे खरं नाही. व्रणाची ताकद वाढून वाढून मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत जाते, पुढे नाही. त्यात घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून ती जागा कोरडी राहते. आणि व्रण सरळ दाब सोसतो, पण घासणं त्याला सोसत नाही. भोवतीची कातडी घट्ट्यासारखी जाड झाली आणि मधली पट्टी तशीच राहिली, तर दोघांच्या सीमेवर भेग पडते. धावताना पाय दर पावलाला थोडा सरकतो, ते सगळं त्या सीमेवर येतं.

रानवारा:
काकू, भेग पडेल ती एकदम जास्त धावलं तर. हळूहळू वाढवलं तर व्रणही सरावतो. शिवाय अनवाणी माणूस टाच आपटत नाही, हलकं उतरतो. लीबरमन यांच्या हार्वर्डच्या गटाने २०१०मध्ये हेच मोजून दाखवलं होतं: सवयीने अनवाणी धावणारे बहुतेक जण चवड्यावर उतरतात आणि आदळण्याचा धक्का कमी बसतो.

खडूस_काकू:
चवड्यावर उतरतात. आणि ह्यांचा व्रण कुठे आहे म्हणालात?

सावकाश_गडी:
दोघेही व्रणालाच धरून बसलात. माझ्या मते व्रण हा इथे दुय्यम प्रश्न आहे. कातडी फाटली तर दिसते, माणूस थांबतो. हाड बोलत नाही. २०१३च्या एका अमेरिकी अभ्यासात धावपटूंना १० आठवड्यांत हळूहळू पातळ तळाच्या, पायाच्या प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या बुटांकडे वळवलं. त्या १९ जणांपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. ही मंडळी पूर्ण अनवाणीही नव्हती! पोटऱ्या आणि पायाची लांब हाडं नव्या ओझ्याला तयार व्हायला महिने लागतात. उत्साह मात्र पहिल्याच आठवड्यात तयार असतो.

पायवाट:
हाडांचा मुद्दा पटला. एक सांगायचं राहिलं. व्रणाच्या मधोमध एक ठिपका आहे, नखाने दाबला की झिणझिण्या थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत जातात. चालताना जाणवत नाही. याने फरक पडतो का?

खडूस_काकू:
हे शेवटी सांगताय? हेच तर सगळ्यात आधी हवं होतं.

टाकेदुखी:
फरक पडतो. दोन शक्यता. एक, कापलेल्या बारीक मज्जातंतूच्या टोकाची गाठ व्रणात झाली असेल. दोन, काचेचा कण आत राहिला असेल. 'काच एक्सरेत दिसत नाही' असं लोक छातीठोकपणे सांगतात, ते चूक आहे. अगदी बारीक तुकडा निसटू शकतो, पण एरवी बहुतेक काच दिसते. डॉक्टरांना दाखवा, एक्सरे काढायचा का ते विचारा.

तोवर घरी दोन गोष्टी बघा. हाताचा अंगठा व्रणावर ठेवून कातडी आडवी-उभी सरकवा. भोवतीची कातडी सरकते आणि व्रण खालच्या भागाला चिकटून बसलाय असं वाटलं, तर घासण्याचा त्रास नक्की होणार. मग डोळे मिटून कुणाला तरी कापसाने व्रण आणि कडा हलक्या स्पर्शायला सांगा. जिथे कळत नाही तिथे खडाही कळणार नाही. मधुमेह असेल तर हा धागाच बंद करा, अनवाणी धावणं नकोच. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा, दहा वर्षं उलटली असतील तर आधी ते.

रानवारा:
तपासणीला माझी ना नाही. पण ठिपका निघाला निरुपद्रवी, तर मी म्हणेन सुरू करा. आधी नुसतं चालणं, तेही गुळगुळीत कडक जमिनीवर. गवत मऊ वाटतं, पण गवतात काय पडलंय ते दिसत नाही, आणि काच एकदा अनुभवलीच आहे तुम्ही. चालून आल्यावर व्रण बघा. लाली थोड्या वेळात उतरली तर ठीक. दुसऱ्या दिवशीही राहिली तर थांबा.

खडूस_काकू:
आणि इतकं करून मिळणार काय, हे अजून कुणी सांगितलं नाही. बुटात त्रास नाही असं धागाकर्तेच लिहितात.

पायवाट:
काकू, मिळणार काय तर मजा. धावतोही त्यासाठीच. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर घरात अनवाणी चालतो.

सावकाश_गडी:
चाला, पण आरशात बघून. ठिपका वाचवायला माणूस नकळत पायाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकतो आणि दुखणं करंगळीकडच्या हाडात निघतं. जुन्या चपलांची एक जोडी उलटी करून बघा. डाव्या चपलेची बाहेरची कड उजवीपेक्षा जास्त झिजली असेल, तर हे आधीपासूनच चालू आहे.