टिकल्यांचं कॅलेंडर : शी-शू शिकवतानाचे तुमचे अनुभव

माळा_आवरतेय
काल 2011चं कालनिर्णय सापडलं. ऑगस्टच्या पानावर माझ्या लाल, हिरव्या, चमकीच्या टिकल्या. लेक तेव्हा सव्वादोन वर्षांची. पॉटीत शू झाली की एक टिकली, आणि ती तिनंच लावायची. अंगठ्यानं दाबून दाबून बसवायची, मग धावत सासूबाईंकडे, "आजी, लावली!" 15 ऑगस्टला चार टिकल्या आहेत, 16ला एकही नाही. त्या सकाळी मी तिच्यावर ओरडले होते. पुढे तीन दिवस ती पॉटीजवळ फिरकली नाही. पान बघून गलबलून आलं. तुम्ही काय केलंत? टिकली, खाऊ की नुसतं शाब्बास? लिहा.

परळची_मावशी
16ला ऑफिस असणार. कळलं गं.
आमच्याकडे एका शूला एक मनुका. चौथ्या दिवशी पठ्ठ्या थेंबभर करून उठायचा, मनुका खायचा, पाच मिनिटांनी परत थेंबभर! मग नियम बदलला. जेवण झालं की बसायचं, झाली तरी मनुका, नाही झाली तरी मनुका. पोटात अन्न गेलं की आतडी हलतात, त्यामुळे तेव्हा व्हायची शक्यताही जास्त. आठवड्यात मनुकेची आठवणच राहिली नाही त्याला.

गिरगावची_आजी
आमच्या वेळी डायपर नव्हते. पायांवर बसवून शूऽऽ म्हणायचं. झाली की शेजारच्या दोघी दारातून टाळ्या वाजवायच्या, पोर खूश. आता टाळ्या वाजवायला घरात माणूस नाही, म्हणून टिकली लावली तर काय बिघडलं?

कल्याणचा_बाबा
ट्रेनमधून लिहितोय, चुका असतील. मुलाला कडक शी व्हायची. एकदा दुखलं आणि तो धरून ठेवायला लागला. आम्ही बक्षीस वाढवत गेलो. स्टिकर, मग गाडी, मग मोठी जेसीबी. तो पडद्यामागे पाय आवळून उभा, डोळ्यांत पाणी, म्हणतो "मला जेसीबी नको." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, बक्षीस बंद, आधी शी मऊ करा. औषध, पाणी, पपई, पायाखाली पाट. दीड महिना लागला. मूल धरून ठेवत असेल तर कृपया डॉक्टरांकडे जा. दुखतं म्हणून ते अडवतं, त्याला हट्ट समजू नका.

परळची_मावशी
अरे देवा. बिचारं लेकरू. आता कसा आहे?

कल्याणचा_बाबा
मस्त. दुसरीत आहे.

चड्ड्या_वाळेनात
विषय सोडून विचारते, पावसाळ्यात सुरुवात करावी का? दिवसाला दहा चड्ड्या, घरभर दोऱ्या, फॅन अखंड चालू, तरी कुबट वास.

गिरगावची_आजी
धुताना पिळून झाल्यावर जुन्या टॉवेलात गुंडाळून दाब. निम्मं पाणी त्यातच जातं.

जूनची_धास्ती
प्लेग्रुपवाले म्हणतात डायपर चालणार नाही. दोन आठवडे आहेत हातात. लेक दोन वर्षं एक महिन्याची, अर्धा तासही कोरडी राहत नाही. स्टिकर आणले, ती ते फ्रिजला लावते नि पळते. रडू येतंय.

माळा_आवरतेय
रडू नकोस. साधारण दोन तास कोरडी राहायला लागली, "शू" सांगायला लागली की समज तयार झाली. तोवर स्टिकर कशासाठी द्यायचा? जे तिच्या हातात नाही त्याला बक्षीस लावलं की ती रोज हरते. त्यांना स्पष्ट सांग, थोडा वेळ द्या. नाहीच ऐकलं तर दुसरीकडे बघ. आणि रात्रीचं तर मनातही आणू नकोस, ते झोपेत होतं. पाच वर्षांपर्यंत गादी ओली होणं अगदी नेहमीचं.

जूनची_धास्ती
थँक्यू ताई. उद्या बोलते त्यांच्याशी.

चड्ड्या_वाळेनात
कल्याणचे बाबा, पाट केवढा उंच? आमच्या कमोडवर सीट लावली की तिचे पाय लोंबतात.

कल्याणचा_बाबा
जेवायला बसतो ते दोन, एकावर एक, सुतळीनं घट्ट बांधून. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या किंचित वर. ठाकुर्ली आलं, उतरायची तयारी करतो.