उन्हाळ्यातली शांत भटकंती: झरे, कुंडं आणि फुलांची शेतं – तुमचे अनुभव लिहा

मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी निघालं की घाटात गाड्यांची रांग ठरलेली. आमच्या घरी आता वेगळी पद्धत पडली आहे. पहाटे निघायचं, एखादा वाहता झरा किंवा फुलांचं शेत गाठायचं आणि ऊन चढायच्या आत सावलीला यायचं. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचे सडे (खडकाळ पठारं) पावसाळाभर पाणी पितात आणि पायथ्याशी ते हळूहळू सोडत राहतात. म्हणून विहिरी तळाला गेल्या तरी काही झरे चालू असतात. आणि मोगरा, सुरंगी ही फुलं तर उन्हाच्या दिवसांचीच.

तुम्ही पाहिलेल्या अशा जागा लिहा. नुसती नावं नकोत. किती वाजता पोचावं, तिथल्या माणसांना काय चालतं आणि काय खपत नाही, हे सांगा. पुढच्याला त्याचाच उपयोग होतो.

डोंबिवलीहून

विक्रमगड-जव्हारकडचा मोगरा. मुलीच्या मैत्रिणीचं गाव तिकडे आहे, त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो होतो. पहाटे अंधारातच घरातली सगळी माणसं डोक्याला बॅटरी लावून शेतात उतरली. मोगरा कळीतच खुडावा लागतो, टपोरी, पांढरी झालेली, पण मिटलेली. उमलला की बाजारात त्याला कोणी विचारत नाही, कारण कळीला दादरच्या फूलबाजारापर्यंत आणि तिथून गजऱ्यापर्यंत टिकायचं असतं. आम्हीही खुडायला बसलो. तासाभरात माझी परडी तळाला जेमतेम झाकली, तोवर शेजारच्या मावशींच्या दोन भरल्या होत्या.

मावशी सांगत होत्या, थंडीत झाडाचं पाणी तोडून ताण देतात, मग छाटणी, मग खत-पाणी, तेव्हा कुठे उन्हाळ्याचा बहर धरतो. पूर्वी या दिवसांत घरातले कर्ते भिवंडी-वसईकडे मजुरीला जात. मोगऱ्यामुळे आता निदान हे चार महिने माणसं घरी राहतात. त्या शेतात इतकी शांतता होती की कळी खुडल्याचा बारीक आवाज ऐकू यायचा. कृपा करून तिथे फोटो काढायला म्हणून ओळींमध्ये शिरू नका. ठिबकच्या नळ्या पायाखाली येतात.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण, सध्या ठाणे

मोगऱ्याचं वाचून राहवलं नाही. माझं माहेर आरवलीच्या बाजूला आणि आमच्या घरामागच्या परड्यात सुरंगीची जुनी झाडं आहेत. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: सुरंगीला फूल फांदीच्या टोकाला येत नाही, जाड फांद्यांना आणि खोडालाच कळ्यांचे झुबके चिकटतात. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळे केसर. वास असा की रस्त्यावरून जाणाऱ्याला झाड न बघता कळतं.

काढायचं काम मात्र जोखमीचं. उजाडता उजाडता शिडी लावून झाडावर चढायचं, आणि फांद्यांवर मधमाश्या आधीच हजर. काकी ओरडायची, "ऊन लागला काय कळो फुटता, मगे वळेसर जमना नाय!" वळेसर म्हणजे सुरंगीचा गजरा, फुटलेली कळी त्याच्या दोऱ्यात नीट बसत नाही. म्हणून सगळी घाई सकाळची. मग ओसरीवर बायका वळेसर करायला बसतात आणि ते शिरोडा-वेंगुर्ल्याच्या बाजारात जातात. उरलेला कळा, म्हणजे कळ्या, उन्हात सुकवून व्यापाऱ्याला देतात, तो अत्तराच्या कामाला जातो.

ही झाडं कुणाच्या तरी परड्यातली आहेत. हाक मारून, विचारून आत या. कोणी नाही म्हणणार नाही, उलट कोकम सरबत मिळेल. जाताना वळेसर विकत घ्या, फुकट मागू नका. त्या पैशांवर एखादीची वर्षाची शाळेची पुस्तकं येतात. आणि मे महिन्यात येऊ नका! तोवर सुरंगी संपते. मार्च हा तिचा खरा महिना.

म्हापशाहून

आमच्याकडे मे म्हणजे झरीवर न्हाणं. हिंदू असो, ख्रिस्ती असो, प्रत्येक घराची एक झर ठरलेली असते. आमची पोंबुर्प्याची, चर्चजवळची. आजी घामोळ्यांसाठी आम्हा मुलांना तिथे न्यायची. औषध किती आणि गारवा किती, ते मला सांगता येणार नाही, पण घामोळं बसायचं हे खरं. वेर्ण्याकडची केसरवालची झर जास्त प्रसिद्ध, त्यामुळे रविवारी तिथे गर्दी. मधल्या वाराला सकाळी सातला जा.

साबण नेऊ नका. हे मी हात जोडून लिहिते. खालच्या बाजूला तेच पाणी कुळागरात (सुपारीच्या बागेत), शेतात जातं.

मुलं बरोबर असतील तर सांग्यातल्या नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी दाखवा. गोपीनाथाच्या देवळासमोर पायऱ्यांची तळी आहे, तळातून सतत बुडबुडे वर येतात. टाळी वाजवली की जास्त येतात असं सगळे म्हणतात, आणि मुलं दिवसभर टाळ्या वाजवतात.

राजापूर

राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधून आपोआप वाहू लागणारे इथले झरे. ती आली की इथे शांतता मागू नका! चौदा कुंडं, आणि प्रत्येकाला रांग. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण तिचं वेळापत्रक तिचंच. जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठून वक्रनलिकेसारखं (सायफनसारखं) उपसलं जात असावं, असं भूगर्भवाले सांगतात. माझी श्रद्धा आणि हे स्पष्टीकरण, दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात. शांतता हवी असेल तर गंगा नसताना या. जवळच अर्जुना नदीकाठी उन्हाळे गावचं गरम कुंड बारमाही आहे. पहाटे तिथे दोन-चार म्हातारी माणसं गुडघे शेकत बसलेली असतात, गप्पा मारायला उत्तम.

जळगाव

आमच्याकडे पारा त्रेचाळीसच्या वर, त्यात गरम पाण्याचा झरा कशाला, असं पुण्याचे पाहुणे विचारतात. चोपड्याजवळ अडावदपासून पुढे सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव आहे. गोमुखातून गरम पाण्याची धार पडते. सूर्य उगवायच्या आत अंघोळ करा आणि डोंगराच्या सावलीत भाकरी खा. दुपारी थांबू नका.

ऑस्टिन, टेक्सस

इथला उन्हाळा नागपूरच्या तोडीचा. शहराच्या मधोमध बार्टन स्प्रिंग्ज आहे, चुनखडीतून येणाऱ्या झऱ्यांवर भरणारा सुमारे तीन एकरांचा तलाव. पाणी बारा महिने २० ते २१ अंश. ऑगस्टमध्ये पहिली उडी मारताना श्वास अडकतो. या झऱ्यांतच राहणारा एक छोटा सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) १९९७ पासून संरक्षित यादीत आहे, त्यामुळे सफाईसुद्धा त्याला जपून करतात. आईबाबा आले होते तेव्हा बाबा रोज सकाळी यायचे, पोहून काठावर रामरक्षा म्हणायचे. जूनच्या सुमारास तासाभरावरच्या ब्लँकोला लव्हेंडरची शेतं फुलतात. तिथे कात्री देतात, आपली जुडी आपण कापायची. आईने ती देवापुढे ठेवली.

पुण्याहून

तळेगावकडची गुलाबाची पॉलिहाऊसं कोणी सुचवायच्या आधी सांगते: शेतीची माहिती घ्यायला जरूर जा, पण निवांतपणासाठी नको. आत उकडतं, बुटांना जंतुनाशक लावून आत घेतात आणि लांब दांड्याच्या त्या गुलाबांना वास जवळजवळ नसतो.

माझा एक प्रश्न आहे. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत. पुण्यामुंबईजवळ गरम कुंड कुठलं सोपं पडेल?

धागाकर्ती

ताई, पालीजवळचं उन्हेरे बघा. बल्लाळेश्वराचं दर्शनही होतं. गाडी जवळपर्यंत जाते, बायकांसाठी वेगळं बंदिस्त कुंड आहे. सुट्टीचा वार टाळा. पाणी चांगलंच कढत असतं, त्यामुळे काकूंना आधी नुसते पाय सोडून बसू द्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.