प्रकाशक सोडून कादंबरी स्वतःच काढायची आहे, अनुभवी लोकांनी सल्ला द्या प्लीज

खारीबिस्कीट:
नमस्कार मंडळी, मी नाशिकची. माझ्या दोन कादंबऱ्या एका प्रकाशकाकडे आल्यात (नाव लिहीत नाही, वाद नकोय). पहिली २०१४ला आली, ११०० प्रतींची आवृत्ती, ती संपून पाचेक वर्षं झाली, लोक अजून मेसेज करून विचारतात कुठे मिळेल आणि मी माझी प्रत झेरॉक्सला देऊ का इथवर आलेय. प्रकाशकांना फोन केला की "ताई मार्केट थंड आहे, दिवाळीनंतर बघू". कुठल्या दिवाळीनंतर ते सांगत नाहीत. रॉयल्टी एकदाच आली, तीही निम्मी पुस्तकांच्या रूपात. आता तिसरी लिहून तयार आहे, २४० पानं होतील, ती आपली आपणच काढावी असं डोक्यात बसलंय. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे पॅकेजवाले रोज फोन करतायत, ७० हजारात सगळं करून देतो म्हणतात. द्यावेत का? किंडलवर टाकू की छापू? आणि पहिलीचे हक्क मला परत मिळतील का? नवरा म्हणतो घरात गठ्ठे ठेवायला जागा नाही, तो प्रश्न वेगळाच.

चष्मेवाला:
७० हजार अजिबात देऊ नका. पॅकेजमध्ये आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे लावलेत का तेवढं बघा, कारण तो फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी आहे, शिक्षण मंत्रालयाखाली, ऑनलाइन अर्ज, लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून करू शकतो. छापील आणि ई-बुकला वेगळे नंबर लागतात, किंडलला मात्र नसला तरी चालतो. पहिली परत काढलीत तर तिचा जुना नंबर वापरू नका, तो त्या प्रकाशकाचा.

मीपणवाचतेय:
+१, मलाही हेच विचारायचं होतं.

कोरापान:
ताई, मी यातून गेलोय म्हणून जरा लांबण लावतो. सगळ्यात आधी करार शोधा. कॉपीराइट कायदा १९५७चा, त्यातलं कलम १९ वाचा. हक्क लिहून दिल्याशिवाय नि सही केल्याशिवाय प्रकाशकाच्या नावावर होत नाहीत, आणि लिहून दिले पण मुदत घातलीच नाही तर ती ५ वर्षं धरतात. माझ्या करारात मुदत नव्हती. दोन पत्रं पाठवली, गप्प. वकिलाचं गेलं तेव्हा दोन ओळींचं ना-हरकत आलं.

मुखपृष्ठ मात्र तुमचं नसतं, ते चित्रकाराला विचारून घ्या नाहीतर नवीन करून घ्या. आणि त्यांनी उदार होऊन डीटीपीची फाईल दिली तरी हुरळून जाऊ नका, ती बहुतेक श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टात, असणार. युनिकोडमध्ये करताना माझ्या अख्ख्या कादंबरीतले रफार उडून भलत्याच अक्षरावर बसले, सूर्य म्हणून एकदाही नीट उगवला नाही. सगळी पानं परत वाचली, बायकोनेही वाचली, तरी छापल्यावर चार सापडलेच.

आता पैशाचं. ३०० प्रती, डेमी साइज, डिजिटल छपाई, मला प्रतीमागे ११८ रुपये पडले. किंमत ३२० ठेवली. वितरकाने ४५ टक्के घेतले, म्हणजे हातात १७६, छपाई वजा करून ५८. मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधनाचे १६ हजार त्या ३०० प्रतींवर पसरले की प्रतीमागे ५३. राहिले ५ रुपये! प्रकाशकाकडे १० टक्क्यांनी ३२ मिळाले असते आणि गठ्ठे उचलावे लागले नसते. तेच वाचकाला थेट विकलं, टपालखर्च वेगळा घेतला, तर दीडशेच्या आसपास सुटतात. म्हणून छपाईचा भाव नंतर विचारा, आधी फोनमध्ये बघा की थेट घेणारी दोनशे माणसं आहेत का. नातेवाईक धरू नका, ते सहीची प्रत फुकट मागतात.

तळ्यातमळ्यात:
किंडलबद्दल. मराठी ई-बुक सहज जातं, पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्ट या अॅमेझॉनच्या योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५. सिलेक्टमध्ये गेलात की ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच विकता येत नाही, बुकगंगाच्या साइटवर पण नाही. छापील प्रतीला हे बंधन नाही. माझं ई-बुक अमेरिकेतल्या मराठी लोकांनीच जास्त घेतलं, इथले "छापील नाही का" विचारतात.

कोरापान:
टपालाचं राहिलं. जुनी रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद झाली डिसेंबर २०२४ला, तेव्हा आम्ही सगळे बोंबललो. मे २०२५पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही टपालसेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १००. कादंबरी त्यात घेतात का ते तुमच्या पोस्टातल्या खिडकीवर आधीच विचारा, एकेका बाईंचा एकेक नियम असतो.

पितळीअडकित्ता:
मी ग्रंथालयात नोकरी केली, निवृत्त आहे. दोन गोष्टी. प्रकाशक झालात की ग्रंथालयांना प्रती देण्याचा १९५४चा कायदा तुम्हालाही लागू, पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. हे फार कोणी करत नाही, तुम्ही करा.

दुसरं जरा तिरकं आहे, रागावू नका. तिसरी कादंबरी स्वतः काढू नका, पहिली काढा. पहिलीला माणसं थांबलीत, ती संपादन होऊन आलेली आहे, धोका कमी. नव्या हस्तलिखिताला "हे प्रकरण काढा" म्हणणारा कोणीतरी लागतो, तो पॅकेजात नसतो. आणि ग्रंथालयांची खरेदी म्हणजे विक्रेता यादी घेऊन येतो, त्या यादीत एका पुस्तकाचा प्रकाशक कुठे दिसतोय. तिसरीसाठी दुसरा प्रकाशक बघा, या वेळी मुदत नि ई-बुकचा हक्क नीट लिहून घ्या.

तळ्यातमळ्यात:
काका, संपादक सुटा पण मिळतो की, पैसे देऊन. प्रकाशकच कशाला पाहिजे?

पितळीअडकित्ता:
मिळतो. पण पैसे तुम्ही देताय म्हटल्यावर तो किती कापेल?

खारीबिस्कीट:
काका, रागावले नाही, पण रात्री झोप लागली नाही. सकाळी माळ्यावरची ट्रंक काढली, करार सापडला, मुदतीची जागा कोरीच आहे! फोटो टाकू का इथे?

चष्मेवाला:
इथे नको. वकिलाला दाखवा.

खारीबिस्कीट:
बरं. मग पहिलीच काढते, ३०० प्रती. फोनमधली माणसं मोजली, नातेवाईक वगळून १४० भरतायत. आणि नवऱ्याने टेप घेऊन पलंगाखालची जागा मोजली, बसतील म्हणतोय.