एक्सपर्टना लेपल माइक लावताना होणारा त्रास: मी रोजावर आहे, तक्रार कुठे करू?

लेपलवाली_सातारकर

मी २४ वर्षांची आहे. मुंबईत क्रिकेटच्या मराठी प्रक्षेपणावर ऑडिओ असिस्टंट म्हणून काम करते. पगारावर नाही, एक व्हेंडर आम्हाला रोजावर पाठवतो. अँकर आणि एक्सपर्टना (सामन्याबद्दल बोलणाऱ्या माजी खेळाडूंना) लेपल, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा माइक, लावायचा, बॅटऱ्या बदलायच्या, ब्रेकमध्ये आवाज तपासायचा, हे माझं काम.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लेपलची वायर कोटाच्या आतून न्यावी लागते आणि ट्रान्समीटर (आवाज पाठवणारी छोटी डबी) पाठीमागे पट्ट्याला अडकवावा लागतो. त्यामुळे माणसाच्या वीतभर अंतरावर उभं राहावंच लागतं. म्हणून मी आधी विचारते, "सर, लावू का?" वायर त्यांच्या हातात देते, ते स्वतः आतून वर घेतात, मी फक्त क्लिप लावते. सगळे असंच करतात. एक माजी खेळाडू मात्र दोन्ही हात वर करून उभे राहतात. "तूच घाल की, लाजतेस काय?"

पहिल्यांदा हसून सोडून दिलं. मग ते रोजचंच झालं. मग टॉकबॅकवर, म्हणजे टीमच्या आतल्या बोलण्याच्या लाइनवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या कपड्यांवर, वजनावर बोलणं सुरू झालं. गेल्या रविवारी मी मागे ट्रान्समीटर लावत होते, तेव्हा त्यांनी माझा हात धरून पुढे ओढला. दोन कॅमेरामन तिथेच होते. एक हसला, दुसऱ्यानं मान खाली घातली.

प्रोड्यूसरना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, ते सगळ्यांशीच असे वागतात. तीनच आठवडे राहिलेत. तुला ग्राफिक्सच्या खोलीत बसवतो." मी साउंड शिकले आहे. त्यांचं वागणं चुकीचं आणि जागा माझी हलवायची?

काल झोप येईना म्हणून ब्रिटनच्या स्काय स्पोर्ट्स चॅनलचं २०११चं प्रकरण वाचत बसले. वुल्व्ह्ज विरुद्ध लिव्हरपूल या फुटबॉल सामन्यात सियान मॅसी सहायक पंच होत्या. 'बाईला ऑफसाइड काय कळणार' अशा अर्थाचं चॅनलचे समालोचक अँडी ग्रे आणि निवेदक रिचर्ड कीज प्रक्षेपणाबाहेर बोलले, ते माइकनं टिपलं. (मॅसी यांचा त्या सामन्यातला निर्णय रिप्लेमध्ये बरोबर निघाला होता!) आधी दोघांना फक्त एका सामन्यापुरतं बाजूला ठेवलं. मग जुनं चित्रण बाहेर आलं. त्यात ग्रे सहकारी निवेदिकेला आपला माइक पँटमध्ये खोचायला सांगताना दिसतात. मग ग्रेंना काढलं, दुसऱ्या दिवशी कीजनी राजीनामा दिला. ते वाचताना माझे हात गार पडले. तिथेही माइकच.

माझा प्रश्न: मी चॅनलची नोकर नाही. ते एक्सपर्टही नोकर नाहीत, करारावर आहेत. मग माझी तक्रार ऐकणार कोण?

ओबीतली_ताई

सोळा वर्षं ओबी व्हॅनमध्ये (मैदानाबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत) काढली आहेत मी. तुझी पोस्ट दोनदा वाचली. ते हात वर करून उभं राहणं मला माहीत आहे.

तू स्कायचं वाचलंस, आता एनएफएल नेटवर्कचंही वाच, ते अमेरिकन फुटबॉलचं चॅनल. डिसेंबर २०१७मध्ये तिथे वेशभूषा सांभाळणाऱ्या एका माजी कर्मचारी बाईंच्या दाव्यातून आरोप बाहेर आले. त्या जवळपास दहा वर्षं तिथे होत्या. मार्शल फॉकसह तीन माजी खेळाडूंना नेटवर्कनं निलंबित केलं. नावं आलेले आणखी दोघे, डोनोव्हन मॅकनॅब आणि एरिक डेव्हिस, तोवर ईएसपीएनकडे गेले होते. जानेवारी २०१८मध्ये ईएसपीएननं त्यांनाही काढलं. आरोप केले कोणी, तर कपडे नीट करणाऱ्या बाईनं. आपल्यासारखीच ती, जिला जवळ जावंच लागतं आणि जिचं नाव शेवटच्या पाट्यांमध्येही धड वाचता येत नाही.

माझ्यावर वेळ आली तेव्हा मी गप्प बसले आणि एडिटिंगला निघून गेले. दोन वर्षांनी परत साउंडला आले तर तेच गृहस्थ तिथेच, आणि त्यांच्यासमोर नवी मुलगी उभी. ग्राफिक्सच्या खोलीत जाऊ नकोस गं.

मिडऑन_४७

मुलीला त्रास होतोय हे मान्य. पण एका वाक्यापायी माणसाची पंचवीस वर्षांची मेहनत मातीत जाते, याचाही विचार व्हावा. २००६मध्ये कोलंबो कसोटीत समालोचक डीन जोन्स दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम अमलाबद्दल फार वाईट बोलले. जाहिरात चालू आहे असा त्यांचा समज होता, पण दक्षिण आफ्रिकेत आवाज गेला. टेन स्पोर्ट्सनं त्यांना काढलं. त्यांनी जाहीर माफी मागितली, पुढे समालोचनात परत आले आणि २०२०मध्ये आयपीएलचं काम करतानाच मुंबईत गेले. आपण सगळेच हळहळलो. माणसाला सुधारायची संधी नको का?

ओबीतली_ताई

@मिडऑन_४७, जोन्स मला आवडायचे. पण संधी मिळाली ती चूक कबूल केल्यावर. इथे अजून कोणी विचारलेलंही नाही. आणि हे एक वाक्य नाही, रोजचं आहे, शिवाय हात धरून ओढलंय. तिचा रोज ज्यांच्या मर्जीवर, त्यांनी "ते सगळ्यांशीच असे वागतात" म्हणून आधीच निकाल दिलाय. कीज आणि ग्रे पुढे दोहात बीइन या क्रीडा चॅनलवर दिसायला लागले. मोठ्या नावांना दुसरं दार उघडतं. लेपल लावणाऱ्या मुलीला "ही कटकट करते" एवढंच चिकटतं.

बाह्य_सदस्य_पुणे

मी दोन कंपन्यांच्या अंतर्गत समितीवर (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या) बाहेरची सदस्य आहे, म्हणून कायद्यापुरतं सांगते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कर्मचारी म्हणजे फक्त पगारावरचा माणूस नाही. हंगामी, रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, सगळ्या त्यात येतात. कामाची जागा म्हणजेही फक्त स्टुडिओ नाही. कामानिमित्त जिथे जाशील ती जागा आणि कंपनीनं दिलेली गाडीसुद्धा. समोरचा माणूस नोकर नसला तरी कंपनीची जबाबदारी सुटत नाही.

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे समिती असायलाच हवी, आणि ती नेमल्याचा आदेश दिसेल अशा जागी लावायला हवा. तू चॅनलच्या समितीकडे आणि व्हेंडरच्या समितीकडे, दोन्हीकडे दे. व्हेंडरकडे दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण तू थांबू नकोस.

ग्राफिक्सच्या खोलीचं म्हणशील, तर चौकशी चालू असताना बदली करावी अशी शिफारस समिती करू शकते, पण ती तू लेखी मागितलीस तर. आणि त्यांना दुसरीकडे हलवा असंही मागता येतं. ते मागच.

आता महत्त्वाचं. लेपल लागलेला असेल आणि रेकॉर्डर चालू असेल, तर रविवारचा आवाज कुठेतरी असणार. तो गुपचूप पेनड्राइव्हवर घेऊ नकोस, उलट तुझ्यावरच शेकेल. तक्रारीत तारीख, अंदाजे वेळ, माइकचा नंबर लिही आणि ते रेकॉर्डिंग जपून ठेवावं, समितीनं मागवावं असं स्पष्ट मागणं कर. समितीला कागदपत्रं मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. दोन्ही कॅमेरामनची नावं दे, हसला त्याचंही. तक्रार सहा प्रतींत द्यायची असते. सातवी तुझी, तिच्यावर पोच घे.

लेपलवाली_सातारकर

रात्री ताईंशी फोनवर बोलले, मग लिहायला बसले. पहिल्यांदा चार पानं झाली, त्यात रडणंच जास्त. सकाळी दोन पानांवर आणलं: तारखा, वेळा, कोण हजर होतं. माइक नंबर ३.

मान खाली घातलेल्या कॅमेरामनला मेसेज केला. तासाभरानं उत्तर आलं, "माझं नाव लिही. मी बोलायला हवं होतं."

स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन्ही समित्यांसाठी बारा प्रती काढल्या, माझ्यासाठी दोन वेगळ्या. चॅनलच्या रिसेप्शनवर सांगितलं, "ठेवून जा." मी म्हटलं, पोच मिळेपर्यंत इथेच बसते. चाळीस मिनिटांनी वरून एक मॅडम आल्या, सही केली, शिक्का मारला, तारीख घातली. आता व्हेंडरच्या ऑफिसात चालले आहे. रात्री मॅच आहे, कॉल टाइम (हजर राहायची वेळ) साडेचार. लेपल मीच लावणार आहे.