मदत हवी आहे: बीटा सेफी ताऱ्याच्या चिकटून आलेल्या वारंवारिता कशा सोडवायच्या?

नमस्कार मंडळी. न्यू एरिडानीच्या तेजबदलाचा अभ्यास करतेय. हा बीटा सेफी प्रकारचा, म्हणजे स्पंदन पावणारा तप्त, वजनदार तारा. दिवसाला ५.६४ स्पंदनांजवळ त्याचं एक त्रिकूट (तीन जवळजवळच्या वारंवारिता) आहे, वारंवारितेच्या आलेखात शेजारच्या शिखरांत अंतर जेमतेम ०.०१७. ताऱ्याचा आतला भाग किती वेगाने फिरतो, ते याच अंतरातून कळतं, म्हणून ते हवंच आहे.

पण टेस या अवकाश दुर्बिणीचं एक सेक्टर (आकाशाच्या एका पट्ट्याच्या निरीक्षणाचा काळ) सुमारे २७ दिवसांचं, म्हणजे विभेदन (वेगळा ओळखता येईल असा किमान फरक) ०.०३७. तिन्ही शिखरं एकाच जाड ढिगाऱ्यात मिसळतात. दूरदूरची सेक्टरं जोडली की खोट्या शिखरांचं रान माजतं. मग जमिनीवरच्या जुन्या निरीक्षणांतल्या वारंवारिता स्थिर धरून फक्त आयाम (चढउतार किती मोठा) आणि कला (तो चक्रात कुठून सुरू होतो) बसवणं चालेल का? मधल्या वर्षांत वारंवारिता किंचित सरकल्या असतील तर ते कसं ओळखायचं? कुणी केलं असेल तर पद्धत सविस्तर सांगा, प्लीज.