धंदा बुडाल्यावर गावातच राहावे की गाव सोडावे?

अनगोळकर :
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझे टर्निंगचे, म्हणजे लेथवर धातूचे भाग कातून देण्याचे, जॉबवर्क अकरा वर्षे चालले आणि मागच्या दिवाळीनंतर बंद पडले. लेथ आणि सीएनसी मशीन विकून बँकेचे कर्ज फेडले. पतसंस्थेचे देणे आणि मेहुण्याकडून घेतलेले हातउसने अजून बाकी आहे. पैशांचा हिशेब मांडता येतो; परंतु सकाळी आठला डबा घेऊन निघायची सवय मोडत नाही, आणि तिसऱ्या रेल्वे गेटाकडे माझे जुने कामगार चहाला थांबतात म्हणून मी तो रस्ताच टाळू लागलो आहे. धंदा बुडालेल्या माणसाने दोन-तीन वर्षे तरी गाव सोडावे, असे माझे मत झाले आहे. चाकणला नोकरी मिळत आहे आणि तिथे मला कोणी कधी ‘मालक’ म्हटलेले नाही.

शहापूरकर :
मी असहमत आहे. आमच्या घरी सहा यंत्रमाग होते. साडीला उठाव राहिला नाही, सुताची उधारी वाढली आणि माग भंगारात गेले. ज्या खटखटीत आम्ही लहानपणापासून झोपलो ती थांबल्यावर वडिलांना कित्येक महिने झोप लागत नव्हती. ते रिकाम्या खोलीत जमिनीवरच्या तेलाच्या डागांकडे पाहत बसत. त्यांना बाहेर काढले ते देण्यानेच. दर महिन्याच्या पाच तारखेला ते सुताच्या व्यापाऱ्याकडे स्वतः जात, कधी पाचशे, कधी दोनशे रुपये देत. पहिल्या खेपेला दुकानाच्या पायरीवर त्यांचे पाय थरथरत होते, हे मी पाहिले आहे. वर्षभरात तोच व्यापारी त्यांना चहा विचारू लागला. गाव सोडले असते तर हे घडलेच नसते.

निपाणीकर :
आपल्या वडिलांविषयी आदर ठेवूनही सांगतो, सर्वांना असा व्यापारी भेटत नाही. माझी तंबाखूची वखार गेली, तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून मी चार वर्षे इथेच राहिलो. प्रत्येक लग्नात कोणीतरी बाजूला घेऊन ‘आता काय चाललंय?’ असे विचारी आणि घरी आल्यावर मी मुलांवर ओरडत असे. तोंड दाखवण्यालाच धैर्य म्हणणे मला मान्य नाही.

खानापूरकर :
मला राहण्या-जाण्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. एकल मालकीच्या धंद्यात कायदा मालक आणि धंदा यांत भेद करत नाही, देणे थेट घरापर्यंत येते. त्यामुळे पाटी उतरली की आपणच उतरलो असे मनालाही वाटते. म्हणून कारणे कागदावर वेगवेगळी मांडावीत. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. आपली बिले किती महिने अडकली होती? तो दोष आपल्या माथी घेऊ नका. एकाच गिऱ्हाइकावर विसंबून राहिला असाल, तर तेवढाच आपला माना. आणि झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर आजच बोला. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि भाषा निवडता येते.

अनगोळकर :
बिले सात महिने अडकली होती आणि गिऱ्हाईक खरोखर एकच होते. दोन्ही गोष्टी काल रात्री लिहून काढल्या. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी पत्नीसमोर रडलो. तरीही चाकणला जाण्याचे ठरले आहे. मात्र त्याआधी रविवारी चारही कामगारांना घरी जाऊन भेटणार आहे, कारण दोघांच्या बोनसची बाकी मी त्यांना कधी बोलून दाखवलेलीच नाही.

शहापूरकर :
कामगारांना भेटून जात आहात, त्यामुळे माझा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा असा, की कुटुंब अनगोळातच राहणार असेल तर पतसंस्थेची माणसे दारात आल्यावर उत्तर आपल्या पत्नींना द्यावे लागेल. त्यांना हे मान्य आहे का, हे आपण त्यांना विचारले आहे का?