मॉलची सुरक्षा: आतून काम सांभाळणाऱ्यांनी लिहावं

हल्ला, बेवारस बॅग, धमकीचा फोन यांची तयारी मॉलमध्ये प्रत्यक्षात कशी करतात, हे त्यात मुरलेल्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत. काय करायचं, किती, आणि कुठे फसतं तेवढं पुरे.

गेटवाला

मॉल उघडण्याआधी दारातल्या मेटल डिटेक्टरमधून चाचणीचा धातूचा तुकडा खांदा, कंबर आणि घोटा अशा तिन्ही उंचींवर नेऊन बघायचा. खालची पट्टी बंद पडलेली सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शेजारी लोखंडी बॅरिकेड किंवा ट्रॉल्या उभ्या असतील तर यंत्र उगाच वाजत राहतं, मग कुणीतरी वैतागून त्याची संवेदनशीलता कमी करून ठेवतं. यंत्र वाजल्यावर हातातल्या डिटेक्टरने तपासणी होत नसेल तर ते दार शोभेचं समजा. शिवाय हे यंत्र धातू पकडतं, स्फोटकं नाही. म्हणून बॅग उघडून बघणं टळत नाही. एक्स-रेच्या पडद्यासमोरचा माणूस दर 20 मिनिटांनी बदलावा, त्यापुढे नजर नुसती चित्रावरून फिरते.

दाराबाहेर साचलेली रांग हेच सगळ्यात सोपं लक्ष्य असतं. तपासणी कडक करताना रांगांची संख्या वाढवली नाही तर धोका आतून बाहेर सरकतो, एवढंच. बिनबॅगेच्या लोकांची रांग वेगळी काढली की गर्दी लवकर सरते.

गाडी घुसू नये म्हणून लावलेल्या खांबांमधलं मोकळं अंतर 1.2 मीटरपेक्षा जास्त नको. व्हीलचेअर जाते, कार जात नाही. जमिनीत न रोवलेल्या मोठ्या कुंड्या गाडीच्या धक्क्याने सरकतात. आणि गाडीची डिकी तपासायची ती रॅम्पच्या आधी. तळघरात उतरलेली गाडी तपासून काय साधणार?

रात्रपाळी

कंट्रोल रूमकडून भर घालतो.

बेवारस वस्तू दिसली की तीन प्रश्न. मुद्दाम लपवली आहे का? तारा, टेप, बॅटरी असं काही उघड दिसतं का? त्या जागी अशी वस्तू नेहमी असते का? फूड कोर्टच्या खुर्चीवर राहिलेली शाळेची बॅग बहुतेक वेळा विसरलेली असते. पाइपच्या शाफ्टमागे सरकवलेली तीच बॅग वेगळी गोष्ट. संशय टिकला तर हात लावू नका, हलवू नका, वर काही झाकू नका. 15 मीटरच्या आत वॉकीटॉकी किंवा मोबाइल वापरू नका. ब्रिटिश पोलिसांच्या मार्गदर्शनातली अंतरं पाठ असावीत: पाठीवरच्या बॅगेसाठी 100 मीटर, सुटकेस किंवा कारसाठी 200, ट्रकसाठी 400. लोकांना नेताना काचेच्या भिंतीपासून लांब न्या, स्फोटात बरेचसे जखमी काचेनेच होतात. जमायची जागा पार्किंगमध्ये तर मुळीच नको, आणि लोक तिथे पोचण्याआधी ती जागाही एकदा बघून घ्या.

धमकीचा फोन घेणाऱ्याने बोलणं लांबवावं: कुठे ठेवलंय, केव्हा फुटणार, दिसतं कसं. वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायचं, मागचे आवाजसुद्धा.

गोळीबार सुरू झाल्यावर आगीचा भोंगा वाजवू नका. भोंगा सगळ्यांना ठरलेल्या एकाच वाटेने एकाच जागी नेतो, आणि कार्डने उघडणारे दरवाजेही बहुधा त्याच्याबरोबर आपोआप मोकळे होतात. घोषणा साध्या शब्दांत करा: काय घडतंय, कुठल्या बाजूला, कुठून बाहेर पडायचं. सांकेतिक शब्द कर्मचाऱ्यांपुरते ठीक, गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळत नाही.

नैरोबीच्या वेस्टगेट मॉलमध्ये 21 सप्टेंबर 2013 ला चार हल्लेखोर होते, 67 जणांचा बळी गेला. तिथे पोलीस आणि लष्कराच्या तुकड्यांमध्ये ताळमेळ नव्हता, गोळ्या एकमेकांवरही झाडल्या गेल्या. म्हणून पोलिसांना भेटायची जागा आणि भेटणारा माणूस आधीच ठरलेला हवा. त्याच्या हातातल्या पिशवीत मजल्यांचे नकाशे, मास्टर किल्ल्या, अ‍ॅक्सेस कार्ड, चार्ज केलेला वॉकीटॉकी, टॉर्च. अशा दोन पिशव्या, इमारतीच्या दोन टोकांना. एकच असली की ती नेमकी हल्ल्याच्या बाजूला सापडते.

शटर खाली

दुकानदारांसाठी. तुमचं शटर आतून लॉक होतं का, ते आजच बघा. कितीतरी शटरांचं कुलूप बाहेरच्या बाजूला, जमिनीलगत असतं, म्हणजे लपायच्या वेळी ते बिनकामाचं. मोटरचं शटर वीज गेल्यावर हँडल फिरवून खाली येतं. हँडल कुठे आहे आणि किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा.

बाहेर पडता येत असेल तर पडा. लपणं हा दुसरा पर्याय. मागच्या स्टोअर रूमची भिंत जिप्सम बोर्डची असेल तर ती गोळी अडवत नाही, विटेची किंवा काँक्रीटची शोधा. दिवे बंद, फोनचा आवाज बंद आणि व्हायब्रेशनसुद्धा बंद. मागचा सर्व्हिस कॉरिडॉर खोक्यांनी भरलेला असतो, ही जुनी रड आहे. सणासुदीत तर तिथून आडवं होऊन जावं लागतं. ड्रिल मंगळवारी सकाळी उरकतात आणि शनिवार-रविवारची हंगामी पोरं कोरडीच राहतात, हेही बदला.

मलमपट्टी

हाता-पायातून रक्ताची धार लागली असेल तर टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा) जखमेच्या 5 ते 7 सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळायचं. दुखणारच, जखमी ओरडतोय म्हणून सैल सोडलं की रक्त पुन्हा सुरू होतं. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. जांघेत किंवा काखेत टूर्निकेट बसत नाही, तिथे जखमेत कापडी पट्टी ठासून भरायची आणि दोन्ही हातांनी दाबून धरायचं, उचलून बघायचं नाही. या टूर्निकेट-पट्ट्यांची पेटी प्रत्येक मजल्यावर, उघड्या जागी हवी. मॅनेजरच्या केबिनमध्ये कुलपात ठेवलेली पेटी केबिनच्याच उपयोगाची.

डक्ट

वायूचा किंवा रसायनाचा संशय आला तर सगळे एअर हँडलिंग युनिट (एसीची हवा इमारतीत फिरवणारी यंत्रं) एका बटणावर बंद व्हायला हवेत. गच्चीवर जाऊन एकेक पॅनल शोधत बसलात तर तोवर हवा सगळ्या मजल्यांवर फिरलेली असते. अंगावर काही उडालेल्या माणसाला आधी तिथून बाजूला घ्या, वरचे कपडे उतरवायला लावा (डोक्यावरून ओढण्याऐवजी कापून), मग कोरड्या टिशूने अंगावरचं टिपून घ्या. जोरात चोळायचं नाही. पाणी कधी वापरायचं? त्वचा जळजळत किंवा खाजत असेल तर.